या खेपेला पिशवी उलटी भरली

दिवाळीला विट्याला घरी होतो. पंगतीत लेकीनं भात नको म्हटलं. आदल्या दिवशीही नको म्हटलं होतं. वाढणाऱ्या बाई नात्यातल्याच. हातातलं पातेलं तसंच धरून त्यांनी विचारलं, "का गं, आपलं जेवण जात नाही व्हय तुला? पक्की केरळची झालीस की!" सगळे हसले. लेकही हसली. मग हात धुऊन मागच्या पडवीत जाऊन बसली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, "आई, मला नुसता आपला भात पाहिजे होता."

आपला म्हणजे कुठला, ते विचारायची मला गरज पडली नाही. जाड, तांबडा, दाताखाली एकेक शीत कळणारा केरळी मट्टा.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. जरा लांबेल, वाचा सवडीनं.

आम्ही गलाईवाले. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या बाजूची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत. कोइमतूर म्हणा, कटक म्हणा, कोलकाता म्हणा, सराफी पेठेच्या मागच्या बोळात भट्टी पेटलेली दिसली की खुशाल मराठीत हाक मारा, कोणीतरी मान वर करणार. शेती पावसाच्या भरवशावर, पाऊस कुणाच्याच भरवशावर नाही. म्हणून एका भावानं रान बघायचं आणि दुसऱ्यानं मूस. आमच्याकडच्या लग्नपत्रिकांत गावाच्या नावाखाली 'हल्ली मुक्काम' असतोच, आणि तो वाचून देशाचा नकाशा पाठ होतो. मी २००२ साली लग्न होऊन केरळातल्या त्रिशूरच्या हल्ली मुक्कामाला गेले.

जाताना माहेरनं शाळूचं पीठ दिलं होतं, चांगलं पाच-सहा किलो. आईचा हिशेब, पोरीला महिना-दोन महिने पुरंल. पुरलं असतं की. पण ज्यांनी भाकरी बडवली आहे त्यांना पुढचं कळलंच असेल. पंधरा-वीस दिवसांत पिठाची विरी गेली. काठवटीत पीठ घ्यायचं, कढत पाणी ओतायचं, रगडून रगडून मळायचं, आणि थापायला घेतलं की कडेनं चिरा. तव्यावर टाकायला उचलावी तर मधोमध दोन तुकडे. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत मुळात नसतोच, जे काय धरून ठेवतं ते ताजं पीठ आणि कढत पाणी. माझ्याकडं नुसतं पाणी होतं. नवरा बिचारा तुकडे जोडून जेवायचा आणि वर "चांगली झालीय" म्हणायचा. मला त्याचाच जास्त राग यायचा.

मग अक्खी ज्वारी शोधायला निघाले. कुणीतरी सांगितलं, तिकडं ज्वारीला 'चोळम' म्हणतात. शक्तन मार्केटात जाऊन ऐटीत चोळम मागितलं. दुकानदारानं मका मोजला. मी मान हलवतेय, तो आणखी मका दाखवतोय. केरळात चोळम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मकाच येतो, ज्वारीला 'मणिचोळम' म्हणावं लागतं, हे कळायला मला वर्ष लागलं. तोवर आम्ही कोइमतूरच्या पाहुण्यांकडून मागवायला लागलो होतो. तमिळनाडूत चोळम म्हणजे ज्वारीच. डोंगर ओलांडला की शब्दाचं धान्य बदलतं!

ज्वारी मिळाली तर गिरणी. तिथं गिरणीला 'पोडिमिल' म्हणतात आणि तिच्यावर तांदूळ, मिरची, धणे असलं सगळं दळून निघतं. एकदा माझा नंबर मिरचीनंतर आला. त्या भाकऱ्या तांबूस झाल्या, आणि नवरा म्हणाला, आज चटणी वेगळी वाढू नकोस. (चटणी म्हणजे आपली, कांदा-लसणाची, डंकावर कुटलेली. शेजारणीला "चटणी संपली" असं सांगितलं तर ती नारळ खवायला बसायची.) शेवटी २०११ साली घरघंटी घेतली. ती आली त्या दिवशी नऊ वर्षांत पहिल्यांदा माझी भाकरी टम्म फुगली. मी ती कुणाला वाढली नाही. तव्यापाशीच उभी राहून, मीठ आणि तेल लावून, एकटीनं खाल्ली.

एवढं सगळं जमल्यावर लोक म्हणतात, "आता कसली आठवण? सगळं ऑनलाइन येतं की." येतं, खरंच येतं. भडंग येतं, कंदी पेढे येतात, बेदाणा तर सांगलीचा सगळ्या देशात जातो. भडंगाचं एक सांगते. जूनमध्ये त्रिशूरला पाकीट फोडलं की पहिली मूठ सांगलीची आणि शेवटची मूठ त्रिशूरची. एवढ्या वेळात मऊ पडतं. पण ते जाऊ दे. माझी तक्रार वेगळीच आहे. इथं फेसबुकवर 'सांगलीकर कुठंही गेला तरी काय विसरत नाही' असल्या याद्या फिरतात. भडंग, भेळ, आख्खा मसूर. अहो, आख्खा मसूर मी लग्नाआधी घरी कधी खाल्लाच नाही. ते हायवेवरच्या ढाब्याचं खाणं. चांगलं असतं, नाही कोण म्हणतंय. पण त्याच्यासाठी रात्री कुणाचा जीव तुटत नाही.

माझा तुटतो करडईच्या भाजीसाठी.

शाळूच्या रानाला कडेनं करडईच्या ओळी असायच्या. मोठी झाली की काटेरी, जनावर आत शिरत नाही. पण कोवळी असते तेव्हा विरळणी करायची आणि उपटलेली रोपं घरी आणायची. आई पानं बारीक चिरायची, लसूण ठेचून टाकायची, मूठभर भिजवलेली डाळ, वरनं शेंगदाण्याचा कूट. जराशी उग्र लागते. ती भाजी, गरम भाकरी, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. ही भाजी कुठल्या यादीत नाही, कुठल्या हॉटेलात नाही, कुरियरनं पाठवली तर चिखल होऊन पोचेल. तिचे दिवस मोजकेच. पेरणी परतीच्या पावसावर, आणि भाजी दिवाळीनंतरचे चार-सहा आठवडे. नंतर काटे.

आता गंमत बघा. आम्ही गावी येणार कधी? पोरांना सुट्टी तेव्हा, म्हणजे एप्रिल-मे. दिवाळीत जमलं तर जमलं, तेही धावतपळत. मे महिन्यात मी पोटभर आंबे खाल्ले, वर्षाची चटणी कुटून नेली, सांडगे-पापड नेले. पण करडईची भाजी, हुरडा, शेताच्या बांधावरची कोवळी मेथी, हे सगळं शाळा भरलेली असतानाच रानात येतं. तेवीस वर्षांत करडईची भाजी माझ्या ताटात एकदाच आली, सासरे वारले तेव्हा. त्या वेळी ती खाल्ली, आणि गोड लागली, याची मला अजून लाज वाटते. परगावी गेलेल्या माणसाला कुठली चव पुन्हा मिळणार, हे शाळेचं वेळापत्रक ठरवतं. हे मला निघताना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्रिशूरनं मला उपाशी ठेवलं, असंही कुणी समजू नका. पुट्टू, म्हणजे वाफवलेलं तांदळाचं पीठ, आणि काळ्या चण्याची 'कडला' करी मला आता पोह्यांहून आवडते. हुलगा तिथंही मिळतो, 'मुतिरा' म्हणतात, त्यामुळं माडगं आणि शेंगोळी कधी अडली नाहीत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कोइमतूरचा रस्ता बंद, ज्वारी संपली. तेव्हा शेजारच्या इत्तांनी (तिथल्या मुसलमान घरांत थोरल्या बहिणीला इत्ता म्हणतात) पत्तिरी शिकवली. उकळत्या पाण्यात तांदळाचं पीठ घालून वाफ आणायची, मळायची, पातळ लाटून कोरड्या तव्यावर भाजायची. मी म्हटलं, ही तर आमची उकडीची भाकरी. इत्ता म्हणाल्या, नाही, ही पत्तिरी. दोघीही आपापल्या जागी ठाम राहिलो आणि चार महिने खाल्ली.

पण हे सगळं माझं झालं. मी तिथं गेले तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते, माझी जीभ इकडंच तयार झालेली. लेकीचं तसं नाही. ती जन्मली त्रिशूरला. तिला पहिला घास भरवला तो मट्टा भाताच्या मऊ पेजेचा, कारण घरात तोच तांदूळ होता. तिच्या डब्यात मीन करी, म्हणजे कुडमपुळी घातलेलं माशाचं कालवण. कुडमपुळी हे आपल्या आमसुलाचं भावंड, धुरी देऊन वाळवलेलं, काळंकुट्ट. गेल्या वर्षी ती सांगलीला शिकायला आली. मेसचा भात तिला मऊ आणि बेचव लागतो, वांग्याची भाजी आवडते, आमटीत गूळ कशाला हे तिला कळत नाही. रविवारी फोनवर विचारते, "आई, आज काय केलंस?" मी सांगते, ती गप्प होते.

ती गप्प झाली की मला माझी २००२ सालची मी आठवते. पिठाच्या डब्याकडं बघत उभी असलेली.

फरक एवढाच की माझ्या आठवणीचं सगळ्यांना कौतुक. "बघा, इतकी वर्षं राहिली पण भाकरी सोडली नाही." मी मिरवलंही, खोटं कशाला बोलू. लेक मात्र तीच गोष्ट उलट्या दिशेनं करते, तर ती नाटकी, परकी, 'केरळची झाली'. का? तिनं कुठली जीभ घेऊन यायची होती? माझी? आम्ही पोटासाठी तिकडं गेलो, ते तिला विचारून नव्हे. आणि आपलं जेवण, आपलं जेवण म्हणून जे तिच्यावर उगारता, ते आपल्या तरी घरात किती उरलंय? करडईचं तेल कुणाच्या ओट्यावर आहे, हात वर करा. पाहुणा आला की त्याला पनीर आणि चपाती. भाकरी मागितली तर "थांबा, गिरणीत बघून येतो."

नात्यात लग्न निघालं म्हणून डिसेंबरात परत यायचं ठरलं. मी मनात म्हटलं, चला, कधी नव्हे ते वेळेवर चाललोय. आठवड्यातून एकदाच धावणाऱ्या पूर्णा एक्स्प्रेसनं मिरजेला उतरलो. इतकी वर्षं जाताना पिशवीत शाळू आणि चटणी असायची, येताना पिशवी रिकामी. या खेपेला उलटं. पाच किलो मट्टा, कुडमपुळीची पुडी, खोबरेल तेलाची बाटली. नवरा म्हणाला, सांगली जिल्ह्यात तांदूळ घेऊन निघालेली तू पहिलीच.

घरी पोचल्या पोचल्या मोठ्या जाऊबाईंना म्हटलं, "अक्का, करडईची भाजी कर की एकदा."

अक्का हसल्या. "करडई आता कोण पेरतंय गं?"

खरंच होतं. संध्याकाळी रानाकडं गेले. टेंभूच्या उपसा योजनेचं पाणी आलंय. आमच्या शाळूच्या तुकड्यात ऊस उभा आहे, शेजारी द्राक्षाची बाग. ज्या पाण्यासाठी माझ्या सासऱ्यांची पिढी देवाला साकडं घालत होती ते पाटानं वाहतंय, पोरं गावात राहायला लागलीत, धंद्यावर जायला नको म्हणतात. मी तक्रार कुठल्या तोंडानं करू? बांधावर उभी राहिले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी मिरजेहून बांगडे आणवले. अक्कांच्या स्वयंपाकघरात मीन करीचा घाट घातला. मातीचं भांडं नव्हतं, कढईत केली. मी खोबरेलाची बाटली उघडली तशा आत्या, म्हणजे सासूबाई, दारातनं म्हणाल्या, "डोक्याला लावायचं तेल कालवणात ओतायलीस व्हय गं?" तेवीस वर्षं सून त्रिशूरला आहे, आणि हे तेल खातात हे त्यांनी आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. लेकीनं चव घेतली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "तिकडच्यासारखी नाही." मग दोनदा घेतली.

हॉस्टेलवर शिजवायला परवानगी नाही, म्हणून मट्ट्याची पिशवी विट्यातच अक्कांकडं ठेवून आले. ठरलं असं की लेकीनं जमेल त्या रविवारी सांगलीहून एसटीनं यायचं.

काल पहिला रविवार. दुपारी अक्कांचा फोन. "अगं, तुझा तो तांबडा भात कुकरला लावला, पाच शिट्ट्या केल्या, तरी टणकच."

"अक्का, तो कुकरला नाही लावायचा. भरपूर पाण्यात सावकाश शिजवायचा आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं."

"आणि त्या पाण्याचं काय करायचं?"

"मीठ घालून प्यायचं. पेज."

"हं," अक्का म्हणाल्या, "म्हणजे आजारी माणसाचं."

मागून लेकीचा आवाज आला, "मोठ्या आई, मला दोन वाट्या."