सगळ्यांसाठी मोकळा? कोणाकोणासाठी?

अमेरिकेतल्या रूट ६६ या जुन्या महामार्गाच्या शंभरीवर एक लेख वाचला. त्यात त्याला ‘सगळ्यांसाठी मोकळा रस्ता’ म्हटलंय, तिथेच अडखळलो. शंभरीचा उत्साह कळतो, पण १९२६ मध्ये हा रस्ता सुरू झाल्यानंतर कित्येक वर्षं कृष्णवर्णीय प्रवाशाला मुक्काम कुठे मिळेल, पेट्रोल कोण भरू देईल, याची आधी चौकशी करून निघावं लागे. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या, टपाल खात्यात काम करणाऱ्या व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ ही कृष्णवर्णीयांसाठीची प्रवास-मार्गदर्शिका काढली ती याचसाठी. वाटेतल्या काही गावांत तर कृष्णवर्णीयांनी दिवस मावळायच्या आत निघून जावं असा दंडकच होता. निऑन दिवे आणि जुन्या गाड्या मिरवताना हे कुठे बसवणार?

आता खरं सांगतो, ॲरिझोनात सेलिगमन ते किंगमन गाडी चालवली तेव्हा मीही हरखलो होतो. १९७८ मध्ये इंटरस्टेट ४० या नव्या महामार्गाने सेलिगमनला वळसा घातला आणि गावातला धंदाच बसला. १९८५ मध्ये तर ६६ हा क्रमांकही सरकारदरबारातून गेला. मग एंजल डेल्गाडिलो या तिथल्या न्हाव्याने पुढाकार घेतला, १९८७ मध्ये संघटना उभी राहिली आणि रस्त्याला ‘ऐतिहासिक’ दर्जा मिळाला. त्या माणसासाठी मी टाळ्या वाजवीन. पण त्याच पट्ट्यात पीच स्प्रिंग्ज लागतं, हुआलापाई या मूळ रहिवासी जमातीचं गाव. लेखात त्यांच्यावर एक ओळ नाही. आम्ही तिथून पुढे थोडा वेळ थांबलो होतो. एक लांबलचक मालगाडी गेली, मोटार एकही नाही.