पाऊस जास्त म्हणजे कार्बन कमी? गगनबावडा ते शिरोळ, एक हिशेब

पावसाळा आला की कोल्हापुरातील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पाऊस हवेतील कार्बन डायऑक्साइड धुऊन काढतो, जितका पाऊस जास्त तितकी झाडे अधिक कार्बन शोषतात, म्हणून गगनबावडा-राधानगरीचे जंगल या बाबतीत अजोड, शिरोळ, जत, आटपाडीकडील कोरड्या माळांचा या हिशेबाशी संबंध नाही, आणि शोषलेला कार्बन एकदा जमिनीत गेला की गेला. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातील एकही विधान आहे तसे टिकत नाही.

धुऊन काढण्याची गोष्ट साध्या गुणाकारात निकालात निघते. एक लिटर पावसाच्या पाण्यात हवेतील सुमारे ०.७ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो. एक हेक्टरवर १,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे एक कोटी लिटर पाणी, म्हणजे सात किलो वायू. गगनबावड्याचा ५,००० मिलिमीटर पाऊस धरला तरी पस्तीस किलो. पंधरा लिटर पेट्रोल जाळले की तेवढा वायू परत हवेत जातो. याउलट उष्ण प्रदेशातील सदाहरित जंगलाची पाने वर्षभरात हेक्टरी शंभर टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आणि त्यातील बहुतेक भाग झाडांच्या व मातीतील जिवाणूंच्या श्वसनातून बाहेर पडतो. तेव्हा पाहायची असते ती या दोन प्रचंड आकड्यांमधील वजाबाकी. पाऊस दोन्ही आकडे हलवतो, आणि बहुधा एकाच वेळी नव्हे.

दुसरा मुद्दा जास्त पाऊस म्हणजे जास्त शोषण हा. जेथे पाण्याची तूट आहे तेथे हे पुष्कळसे खरे आहे. मात्र दाजीपूरच्या जंगलात जुलैमध्ये तूट असते ती उन्हाची. तरण्या आणि म्हाताऱ्या पावसाच्या झडीत आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. पाने ओली, आभाळ काळे, आणि पाणी पायापाशी असूनही प्रकाशसंश्लेषण मंदावलेले. अशा वेळी आणखी शंभर मिलिमीटर पावसाने काय साधणार? उघडीप मिळाली आणि मातीत ओल टिकून असली की तेच झाड जोमाने काम करते. उष्ण प्रदेशातील जंगलांच्या उपग्रह-निरीक्षणांवर आधारलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पावसाची सीमा आढळली होती: त्याहून अधिक पावसाच्या जंगलांत कोरड्या ऋतूतही प्रकाशसंश्लेषण टिकून राहते, त्याखाली ते ढासळते. गगनबावडा त्या सीमेच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय पाण्याने गच्च भरलेल्या मातीत प्राणवायू पोहोचत नाही, मुळे गुदमरतात, आणि साचलेल्या पाण्याच्या भातखाचरात तर मिथेन तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता अडवतो.

कोरड्या माळांना हिशेबातून वगळणे ही मात्र या संदेशातील सर्वांत मोठी चूक आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. गगनबावड्यापासून शंभरएक किलोमीटरच्या अंतरात पाऊस जवळपास दहावा हिस्सा होतो. शिरोळच्या बाजूला मे महिन्यात तापून भेगाळलेल्या रानावर वळवाची पहिली सर येते, तेव्हा माती कार्बन आत घेण्याऐवजी बाहेर सोडू लागते. उन्हाळाभर निपचित पडलेले जिवाणू पाणी लागताच जागे होतात. कोरडेपणात तग धरण्यासाठी पेशींत साठवलेली द्रव्ये आणि मेलेल्या जिवाणूंचे अवशेष त्यांना आयते मिळतात, ढेकळे फुटून आत अडकलेला सेंद्रिय अंशही मोकळा होतो, आणि तासाभरातच मातीतून वायूची उसळी सुरू होते. गवताला हिरवे व्हायला अजून दिवस लागणार असतात. पूर्व आफ्रिकेत काम केलेल्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये हे मांडले. त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. म्हणून पाच-पाच मिलिमीटरच्या विखुरलेल्या सरी आणि मुळांपर्यंत मुरणारा एकच दमदार पाऊस यांची बेरीज सारखी असली तरी कार्बनचा ताळेबंद वेगळा निघतो. पावसाचा वार्षिक आकडा हे सांगत नाही.

आणि हे माळ क्षुल्लकही नाहीत. २०१०-११ मध्ये ऑस्ट्रेलियात एवढा पाऊस झाला की जगाच्या समुद्राची पातळी काही मिलिमीटर उतरली (पाणी जमिनीवर अडकून राहिले होते). २०११ मध्ये जगभरच्या जमिनीने नेहमीपेक्षा बराच अधिक कार्बन शोषला, आणि त्या वाढीतील निम्म्याहून अधिक वाटा ऑस्ट्रेलियाच्या अर्धशुष्क गवताळ-झुडपी प्रदेशाचा असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. वर्षावर्षांतील चढउतार ठरवण्यात जगभरच्या अशाच प्रदेशांचा हात मोठा असतो, कारण तेथे पाणी हीच अडचण असते आणि ती सुटली की वनस्पती लगेच प्रतिसाद देते.

राहिला कार्बन ‘गेला की गेला’ हा दावा. गवताने एका हंगामात बांधलेला कार्बन पुढच्या कोरड्या वर्षांत कुजून किंवा पेटून परत येऊ शकतो. ऑस्ट्रेलियातील ती कमाईही फार काळ टिकली नाही. आपल्याकडे चांगल्या पावसानंतर माळावर कमरेएवढे वाढलेले कुसळीचे गवत फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात एका दुपारी जाते. जंगलेही यातून सुटलेली नाहीत. २०१५-१६ च्या एल निनोत नासाच्या कार्बन मोजणाऱ्या उपग्रहाने टिपले, की २०११ च्या तुलनेत २०१५ मध्ये उष्ण कटिबंधातील तीन खंडांनी मिळून सुमारे २.५ अब्ज टन कार्बन अधिक सोडला, आणि प्रत्येक ठिकाणी कारण निराळे होते: दक्षिण अमेरिकेत अवर्षणाने प्रकाशसंश्लेषण घटले, आफ्रिकेत उष्णतेने श्वसन वाढले, आग्नेय आशियात जंगले आणि दलदलीची जमीन पेटली.