सरासरी उत्पन्न वाढले, पण कोणाचे?

निरनिराळ्या भाषांचे, धर्मांचे आणि आर्थिक थरांतले लोक जिथे शेजारी राहतात, अशा एखाद्या शहरी भागाचे सरासरी उत्पन्न दहा वर्षांत दीडपट झाल्याचे वाचले की बहुतेकांची समजूत तिथल्या रहिवाशांना चांगले दिवस आले अशी होते. मला ती घाईची वाटते. तो आकडा त्या भागाचा असतो. आधी मोजलेली माणसे आणि आता मोजलेली माणसे एकच आहेत का, हे त्यावरून कळत नाही.

समजा, १०० कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाचे उत्पन्न १ एकक आहे. त्यांतली २० निघून गेली आणि त्यांच्या जागी ४ एकके मिळवणारी २० आली, तर सरासरी १.६ होते. वाढ ६० टक्के दिसते, पण जुन्या ८० कुटुंबांच्या पदरात काहीही जास्त पडलेले नसते. मध्यक, म्हणजे उत्पन्नाच्या क्रमाने लावलेल्या रांगेतल्या मधल्या कुटुंबाचे उत्पन्न, इथे १ वरच राहतो. तो हलेपर्यंत निम्मी वस्ती बदलून गेलेली असते.

हे घडायला कोणाला घराबाहेर काढावे लागतेच असे नाही, आणि श्रीमंत होत जाणाऱ्या वस्त्यांवरच्या वादात नेमके हेच निसटते. भाडेकरू नोकरी, लग्न, मुलांचे शिक्षण अशा कारणांनी एरवीही घरे बदलतात. लान्स फ्रीमन आणि फ्रँक ब्राकोनी या संशोधकांनी न्यूयॉर्कमधील १९९० च्या दशकातील माहिती तपासून २००४ मध्ये मांडले की श्रीमंत होत चाललेल्या भागांतली गरीब कुटुंबे इतर भागांतल्या गरीब कुटुंबांपेक्षा कमी प्रमाणात घर सोडतात. या निष्कर्षाचा आधार घेऊन ‘मग कोणाचे बिघडले?’ असे विचारणारे नगररचनेचे अभ्यासक पीटर मार्क्युज यांनी १९८५ मध्येच दाखवलेला, गरीब कुटुंबे वगळली जाण्याचा दुसरा मार्ग विसरतात: एक घर रिकामे होते, भाडे वाढते आणि पूर्वी ज्या उत्पन्नाचे कुटुंब तिथे येऊ शकले असते, त्याला आता ते परवडत नाही. या कुटुंबाची नोंद कोणत्याच सर्वेक्षणात होत नाही, कारण ते तिथे कधी राहायला आलेलेच नसते.

दरवाजावरच्या नावांच्या पाट्या पाहिल्या तर हा बदल आकड्यांच्या आधी दिसतो. जिथे एका पाटीवर तीन पिढ्यांची नावे होती, तिथे आता एक किंवा दोनच नावे असतात. खोल्या तेवढ्याच, माणसे कमी. त्यामुळे नवी बांधकामे होऊनही लोकसंख्या घटू शकते, प्राथमिक शाळेचा पट उतरतो आणि दरडोई उत्पन्न तर आणखीच फुगलेले दिसते. (याउलट, विद्यार्थी किंवा निवृत्त लोक जास्त असलेला भाग कागदावर गरीब दिसतो, मग त्यांच्या मागे कितीही मालमत्ता असो.)

एखाद्या भागात निरनिराळे लोक किती मिसळून राहतात हे सांगणारा विविधतेचा आकडाही असाच फसवा आहे. जुने निम्मे आणि नवे निम्मे झाले की तो नेमका सर्वांत उंच असतो, आणि मग तो भाग सलोख्याचा आदर्श म्हणून मिरवला जातो. ती स्थिती टिकणारी आहे की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना लागलेला अर्धा टप्पा, हे एका वर्षाच्या मोजणीवरून सांगता येत नाही. माझ्या मते बहुतेक वेळा तो टप्पाच असतो.

सगळा बदल वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. घरमालकांना किमती वाढल्याचा खरा लाभ होतो, रखडलेल्या दुरुस्त्या होतात, दिवाबत्ती सुधारते. पण हा लाभ मालकीच्या कागदावर अवलंबून असतो, वास्तव्याच्या वर्षांवर नाही. म्हणून भागाऐवजी त्याच कुटुंबांचा दहा वर्षे माग घेणारी पाहणी व्हावी, निघून गेलेल्यांचीही. आणि मर्यादित भाड्याच्या घरांसाठी जमीन राखायची असेल, तर ती किमती चढण्यापूर्वी राखावी, कारण नंतर तीच जमीन सार्वजनिक पैशालाही परवडत नाही.