फोन ठेवला की लगेच मेसेज टाका

ट्रक-ट्रेलर चालवणाऱ्या सगळ्या भावांसाठी लिहितोय, पोस्ट मोठी आहे पण पूर्ण वाचा. ऑफिसातून ट्रिप लावणारा सुपरवायझर जे सांगतो ते सगळं फोनवर. कुठं भरायचं, किती वाजता गेटला पाहिजे, डिझेलला किती टाकणार, सगळं तोंडी. गाडी वेळेत लागली तर कुणी विचारत नाही, पण उशीर झाला, माल भिजला, दंड बसला की "मी असं बोललोच नव्हतो", आणि आपल्या कॉल लिस्टमध्ये दोन मिनिटं बोलणं झालं एवढंच दिसतं.

म्हणून फोन ठेवला की लगेच व्हॉट्सॲपवर टाका, "साहेब, आत्ता बोलल्याप्रमाणे न्हावा शेव्याहून कंटेनर घेऊन चाकणला निघतोय, सकाळी 7 ला गेटला सांगितलंय." बस एवढंच. टोमणा नाही, भांडण नाही.

हॉल्टिंगचंच बघा, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे. कंपनीच्या गेटबाहेर लाईनीत दिवस काढायचा, संडासची सोय नाही, पाणी नाही, आणि हिशोबाला गेलं की हॉल्टिंग कापलेलं. माझं एकदा असंच कापलं होतं, ऑफिसचं म्हणणं गाडी दुपारी लागली, पण मी सकाळीच गेटचा फोटो आणि लोकेशन पाठवलेलं होतं, ते दाखवलं आणि पैसे मिळाले. आणि त्याच फोटोवर ऑफिसने पार्टीला, म्हणजे माल ज्याचा त्याला, पण हॉल्टिंगचं बिल लावलं, म्हणजे सुपरवायझरचंही कामच झालं ना. तो काय आपला दुश्मन नाही, त्याच्या डोक्यावर पार्टीचे फोन चालूच असतात.

ई-वे बिलाचं, म्हणजे मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाईन कागदाचं, तर फार जपा. 200 किलोमीटरला एक दिवस असा त्याच्या मुदतीचा हिशोब असतो, आणि गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपायच्या आधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास एवढ्यातच ते वाढवता येतं. ते वाढवायचं काम ऑफिसचं, पण गाडी बंद आहे हे कळवायचं आपलं. जागा, वेळ, फोटो टाका, नाहीतर जीएसटीच्या पथकाने गाडी धरली की बोलणी आपल्यालाच.

ओव्हरलोडला दंड 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये गाडी चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणारा पण येतो, हे किती जणांना माहीत आहे? वजनकाट्याची पावती पाठवा आणि विचारा, माल कमी करणार का. उत्तर लिहून येत नाही, फोनच येतो "निघ रे, काही होत नाही". मी तरी अशा वेळी निघत नाही, कारण मेसेज टाकला म्हणून ओव्हरलोड काही कायदेशीर होत नाही.

झोपेचं सगळ्यात महत्त्वाचं. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास हे 1961 च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यातच लिहिलं होतं, रस्त्यावर कुणी पाळलं ते तुम्हीच सांगा. "रात्रभर चालवतोय, झोप येतेय, बोर घाट चढायच्या आधी खोपोलीला थांबतोय" हे लिहा आणि खरंच थांबा. अमेरिकेत 2016 पासून नियम आहे की गाडी चालवायचे ठरलेले तास संपलेल्या ड्रायव्हरला धमकावून गाडी पुढं काढायला लावली तर 90 दिवसांत तक्रार करता येते, पण तिथंही ड्रायव्हरने आधी स्पष्ट नाही म्हटलेलं असावं लागतं. मग ते नाही म्हटल्याचं लिहिलेलं असलेलं बरं.

टाईप जमत नसेल तर व्हॉईस नोट टाका, त्यात तारीख, गाडी नंबर, ठिकाण बोला. डिसॲपिअरिंग मेसेज चालू असेल तर चॅट उडून जातं, ते बघा. फोन कंपनीचा असेल तर आठवड्याला चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या मेलवर घ्या, नोकरी सुटली की फोन जमा होतो आणि सगळं त्याच्याबरोबर जातं. नुसत्या कापलेल्या स्क्रीनशॉटवर राहू नका, केस झालीच तर मूळ चॅट ज्या फोनमध्ये आहे तो लागतो, आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र पण जोडावं लागतं, ते वकील बघेल.

बरेच जण म्हणतात असं लिहायला लागलो तर ट्रिपच लावणार नाहीत. भीती खोटी नाही. पण भांडण झाल्यावर एकदम लिहायला घेतलं तर समोरच्याला खटकणारच, पहिल्या ट्रिपपासून प्रत्येक वेळी साध्या भाषेत टाकत राहिलं तर ती तुमची पद्धत आहे म्हणून सोडून देतात. हॉल्टिंग, ब्रेकडाऊन आणि काट्याचे मेसेज मी कसे लिहितो ते खाली कमेंटमध्ये टाकतोय, कॉपी करून फक्त गाडी नंबर बदला.