पैसे आगाऊ घेता, मग गाडीही पाठवा

परवा गुरुवारी आमचा ब्राउन बिन, म्हणजे बागेच्या कचऱ्याचा डबा, पुन्हा भरलेलाच राहिला. एप्रिलपासूनची ही तिसरी वेळ. इंग्लंडात आम्ही राहतो त्या गावात बागेच्या कचऱ्याची गाडी पंधरा दिवसांतून एकदा येते. एक खेप चुकली की महिनाभर तेच गवत दारात. वर्षाचे ६० पौंड मात्र कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, एप्रिलमध्येच घेतलेत.

इथली पद्धत माहीत नसलेल्यांसाठी सांगते. रोजच्या कचऱ्याचा खर्च कौन्सिल टॅक्समधून, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या करातून, भागतो. बागेच्या कचऱ्यासाठी वेगळे पैसे घ्यायची मुभा कौन्सिलना कायद्यानेच आहे, २०१२च्या कंट्रोल्ड वेस्ट रेग्युलेशन्समध्ये तशी तरतूद आहे. पैसे द्यायला माझी अजिबात ना नाही. पण वेगळे पैसे मोजून घेतलेलं काम ठरल्या दिवशी झालंच पाहिजे.

जूनमधलं ओलं गवत बंद बिनमध्ये राहिलं की त्याचं काय होतं, ते झाकण उघडल्यावर कळतं. आठवड्यात आत हात घालवत नाही इतकं तापतं. मग बसत बसत काळा चिकट लगदा होतो, आणि गोठ्यात कुजलेल्या वैरणीसारखा वास सुटतो. मे महिन्यात असाच राहिलेला बिन पुढच्या खेपेला 'फार जड आहे' असा टॅग लावून तसाच सोडून गेले. वेळेवर उचलला असता तर जड झालाच नसता!

परवाचं तर मला फारच लागलं. साताऱ्याहून आलेली माझी आई सकाळी साडेसहापासून खिडकीत चहा घेत बसलेली असते. तिने हाक मारली, "अगं, गाडी कोपऱ्यापर्यंत आली आणि मागं फिरली बघ." कोपऱ्यावर कुणाची तरी व्हॅन आडवी उभी होती. बिन रात्रीच फुटपाथच्या कडेला ठेवलेला, दांडा रस्त्याकडे, झाकण बंद, सगळं नियमाप्रमाणे. फोन केला तर उत्तर मिळालं, "तुमचा बिन बाहेर नव्हता, तशी नोंद आहे. पुढच्या खेपेला ठेवा." आईने डोळ्यांनी बघितलंय म्हटलं, तरी उपयोग नाही. गाडीतल्या स्क्रीनवर जे नोंदलं तेच खरं. रस्ता अडला होता तर तसं लिहा ना! माझा राग गाडीवरच्या माणसांवर नाही, पावसाथंडीत ते जड काम करतात. चुकीची नोंद दुरुस्त करायला वाटच ठेवली नाही, राग त्याचा आहे.

"घरीच कंपोस्ट कर" असं बरेच जण सुचवतील. करतेच आहे, मागे दोन डबे आहेत. पालापाचोळा, भाजीची देठं त्यात जातात. पण हेजच्या (कुंपणाच्या झुडपांच्या) लाकडी फांद्या, गुलाबाच्या काटक्या, बाइंडवीड या चिवट वेलतणाची मुळं घरच्या थंड ढिगात कुजत नाहीत, मुळं तर उलट फुटतात. खताच्या प्लांटमधला मोठा ढीग ६०-६५ अंशांपर्यंत तापतो, तिथे ती मरतात. म्हणून तर पैसे देऊन पाठवायचं.

माझ्याकडे निदान गाडी आहे, पोती भरून टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा केंद्रावर, नेता येतात. शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांच्याकडे गाडी नाही, आणि आमच्या टिपवर जायला ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. त्यांनी या वर्षी गुलाब छाटणंच सोडून दिलंय. "छाटून ठेवू कुठे?" म्हणाल्या. त्यांनीही तेच ६० पौंड भरलेत.

मागणी साधी आहे. खेप चुकली तर त्याच आठवड्यात गाडी परत पाठवा, नाहीतर तेवढे पैसे न मागता परत करा.

इंग्लंडात राहणाऱ्यांनी एवढं करा: बिन ठेवला की वेळेसकट फोटो काढा, आणि चुकलेली खेप लगेच कळवा, आमच्याकडे फक्त दोन दिवसांची मुदत आहे. नुसत्या फोनवर भागवू नका, लेखी तक्रार करा. कौन्सिलच्या तक्रारीचे टप्पे संपले की लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येतं, तिथे फी नाही.

माझी लेखी तक्रार काल गेली. आजींना विचारून त्यांच्या चुकलेल्या खेपांच्या तारखाही त्यात घातल्यात.