कॉफीचा कोपरा आणि ओलं फडकं

घरात कॉफीचा कोपरा मी दोनदा मांडला. पहिल्यांदा फोटोसाठी, दुसऱ्यांदा कॉफीसाठी.

पहिला होता मात्र देखणा. खिडकीजवळ लाकडी फळी, तिच्यावर काचेच्या बरण्या, वर पिवळा दिवा. आलेगेले कौतुक करायचे. महिनाभरात मी गुपचूप पुन्हा ओट्यापाशी उभा राहून कॉफी करू लागलो, कारण त्या कोपऱ्यात ना पाणी होतं, ना भिजलेला चोथा टाकायला जागा. ठिबकणारा फिल्टर हातात धरून अख्खं घर ओलांडायचं आणि परत येताना फरशी पुसत यायचं, हे किती दिवस करणार?

बरण्यांतल्या कॉफीचाही वास उडाला तो वेगळाच. हवा, उजेड, उष्णता, दमटपणा, भाजलेल्या बियांना यातलं काहीच सोसत नाही. मी तर त्यांना सकाळच्या उन्हात सजवून ठेवलं होतं. आता घट्ट झाकणाचा, आतलं न दिसणारा डबा आहे. दिसायला अगदीच मठ्ठ.

दुसऱ्या वेळी काही विकत आणण्याआधी आठवडाभर फक्त पाहत राहिलो: सकाळी अर्धवट झोपेत माझे हात कुठे कुठे जातात? पाणी, किटली, डबा, वजनकाटा, ग्राइंडर, फिल्टर, कप, चोथा, फडकं. याच क्रमाने डावीकडून उजवीकडे सगळं लावलं, तेही सिंकच्या शेजारी. जेमतेम ७० सेंमी रुंदीत मावलं. फक्त किटली वरच्या कपाटाखालून बाहेर ओढावी लागली, नाहीतर रोजच्या वाफेने प्लायवूड फुगतं. शिवाय विजेची किटली सहज १५०० वॉटच्या पुढे जाते, तेव्हा दिव्यांच्या माळेसोबत तिला एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावण्याचा माझा जुना उद्योगही बंद केला.

लोक आधी मशीन घेतात आणि मग ते ठेवायला कोपरा शोधतात. मला हे उलटं वाटतं. पैसे घालायचेच असतील तर चांगल्या ग्राइंडरमध्ये घाला. पात्याच्या ग्राइंडरमधून पीठही निघतं आणि खडेही. पिठातून कडवटपणा उतरतो, खडे आंबट राहतात आणि आपण दोष बियांना देतो. उरलेलं काम साधं आहे: १५ ग्रॅम कॉफी, साधारण २४० मिली पाणी, तापमान ९० ते ९६ अंश. मेलिटा बेंट्झ या जर्मन बाईंनी १९०८ मध्ये कागदी फिल्टर शोधला, तो भोकं पाडलेलं पितळी भांडं आणि मुलाच्या वहीतला टिपकागद घेऊन. त्यांच्या ओट्यावर पिवळा दिवा होता का, कुणास ठाऊक.

दिव्यावर माझा राग नाही. तो आजही आहे, पण आता त्याच्या उजेडात काट्यावरचा आकडा दिसतो. बसायला स्टूल ठेवलं होतं, ते काढलं. पाणी ओतायची तीन-चार मिनिटं उभ्यानेच बरी जातात, आणि स्टूल असलं की मोबाइल हातात येतोच.

एक वाद अजून मिटलेला नाही. चोथ्याच्या डब्याची जागा बायकोच्या चहाच्या डब्याने घेतली आहे. तिचं म्हणणं, तिचेही हात सकाळी तिथेच जातात. माझीच पद्धत माझ्यावर उलटल्यामुळे सध्या मी चोथा सिंकखाली ठेवतो.