शिंगाळ्याला कचरा म्हणणाऱ्यांनो, आधी त्याचं रक्त काढायला शिका

शनिवारी पहाटे चांदणी चौकातून ताम्हिणीकडे वळणाऱ्या गाड्यांमध्ये हल्ली गळाने मासे गरवायला निघालेले पुणेकर बरेच असतात. महागडा रॉड, चांगलं रीळ, डबाभर लूर म्हणजे नकली आमिषं. जायचं श्रीवर्धन, दिवेआगर नाहीतर हरिहरेश्वरला. डोक्यात फक्त जिताडा, तांबोशी आणि गोब्रा. मग खाडीच्या तोंडाशी शिसं तळाला बसतं, दोरी जड होते, आणि वर येतो शिंगाळा, म्हणजे समुद्रातला मिशीवाला कॅटफिश. लगेच तोंडं वाकडी. "शी, कचरा!" म्हणायचं आणि खडकावर भिरकावून द्यायचा. पाण्यात परत सोडायचेही कष्ट नाहीत. जिवंत मासा उन्हात तडफडून मरतो, आणि हीच माणसं दुपारी हॉटेलात बसून, किती दिवस बर्फात होती कुणास ठाऊक अशी सुरमई पैसे मोजून खातात. कसला हा छंद?

म्हणे वास येतो. येणारच! मासा मेला, त्याचं रक्त अंगातच राहिलं, पोट न काढता प्लास्टिकच्या पिशवीत गाडीच्या डिकीत पडला, तर पापलेटलाही वास येईल. शिंगाळ्यात रक्त जास्त, कण्याशी आणि कातडीखाली लाल मांसाचा जाड पट्टा, अंगभर चिकट बुळबुळ. वास इथूनच येतो, आणि तिन्ही गोष्टी दहा मिनिटांत निघतात. डोक्यावर एक जोरदार फटका मारून मासा शांत करा. दोन्ही बाजूंचे कल्ले सुरीने कापा आणि समुद्राच्या पाण्याच्या बादलीत डोकं खाली करून पाच मिनिटं धरा. पाणी लालभडक होतं. त्या पाण्याकडे एकदा नीट बघा, मग वास कशाचा ते वेगळं सांगावं लागणार नाही. नंतर पोट काढा, कण्याला चिकटलेली रक्ताची काळपट रेघ नखाने खरवडा, जाडं मीठ चोळून बुळबुळ काढा आणि मासा बर्फात घाला. बर्फ माशाच्या वजनाइतका तरी हवा, आणि वितळलेलं पाणी वाटेत दोनदा ओतून टाकायचं. त्या पाण्यात तुकडे भिजत राहिले की चव धुऊन जाते आणि मांस पिळपिळीत होतं. घरी आल्यावर कातडी सोला, लाल पट्टा कापून टाका.

मग अर्ध्या किलोला अर्ध्या नारळाचं वाटण, आठ-दहा ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, पाच-सहा आमसुलं, भरपूर लसूण. शेवटी चार-पाच तिरफळं ठेचून टाकायची. आठ-दहा मिनिटांत शिजतो. मांस घट्ट, बारीक काटे जवळपास नाहीतच, लहान मुलांनाही निर्धास्त वाढता येतं. हा तुमचा कचरा.

काट्यांची भीती मात्र रास्त आहे. पाठीवर एक आणि दोन बाजूंच्या परांना दोन, असे तीन करवतीसारखे काटे, आणि त्यांना विष असतं. मासा काटे उभे करून घट्ट रोवतो, म्हणून हाताने धरायचाच नाही. लांब चोचीच्या पक्कडीने गळाचा दांडा धरा, मासा पाण्यावर लटकवा आणि गळ उलटा फिरवा. स्वतःच्या वजनाने सुटतो. गळाचा उलटा दात आधीच पक्कडीने दाबून ठेवला तर आणखी सोपं. टोचलाच काटा, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांच्या, तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने विषाचा जोर मोडतो. बर्फ लावू नका. तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आणि खडकावर, वाळूवर शिंगाळे फेकणाऱ्यांनो, मासा सडून गेला तरी काटा तसाच राहतो. तो चपलेतून आरपार जातो. त्या किनाऱ्यावर गावातली पोरं अनवाणी खेळतात!

यांना माशाबद्दल माहिती किती, तर शून्य. शिंगाळ्याची मादी इतर माशांसारखी लाखांनी अंडी घालत नाही. मोजकीच, पण गोटीएवढी. आणि नर ती अंडी तोंडात धरतो, पिल्लं निघून पोहायला लागेपर्यंत काहीही न खाता. इतक्या कष्टाने वाढणारा मासा खडकावर सुकवायला मारता?

मुशीचंही, म्हणजे लहान शार्कचंही, तेच. "मुतासारखा वास येतो" म्हणतात. मुशीच्या रक्तामांसात युरिया असतो, मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात, तो हा वास. म्हणजे मासा पकडल्या क्षणापासून घड्याळ चालू. जागेवरच रक्त काढलं, पोट साफ केलं, बर्फात ठेवलं, तर वास येत नाही. कातडी सँडपेपरसारखी असते. उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून सुरीच्या पाठीने खरवडली की निघते. काटे नाहीत, फक्त कुर्चा. मालवणीत मुशीला मोरी म्हणतात, आणि मोरीचं मटण उगाच म्हणत नाहीत. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: मुशी आणि पाकटांच्या काही जाती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. जात ओळखता येत नसेल तर मुकाट्याने जिवंत सोडा.

सापासारखी लांब वाम (ईल) लागली की हे दोरीच कापून टाकतात. साप म्हणे! जपानमध्ये क्योटोच्या उन्हाळ्यात हिच्याच कुळातली वाम मानाने खातात, हामो म्हणतात तिला. तिचे बारीक काटे चिमट्याने निघत नाहीत, म्हणून पोटातून उघडून कणा काढतात, कातडी खाली ठेवतात आणि दर मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर धारदार सुरीने चिरा देतात, कातडी न कापता. काटे इतके बारीक तुटतात की घशाला कळतही नाहीत. बारीक काट्यांनी भरलेल्या कर्लीलाही आडव्या चिरा द्या, तांदळाच्या पिठात घोळून कुरकुरीत तळा. सुरीला धार नाही आणि दोष काट्यांना!

लांब चोचीचा टोळ तर हिरव्या काट्यांमुळे फेकतात. विषारी आहे म्हणे. अहो, तो रंग बिलिव्हर्डिनचा. मुका मार लागल्यावर आपली कातडी हिरवट होते, तेच हे रंगद्रव्य. मांस पांढरंशुभ्र, बिनधोक. बोयला चिखलाचा वास येतो तो तिच्या आतड्यातल्या गाळाचा आणि पोटाच्या आतल्या काळ्या पडद्याचा. पडदा बोटाने घासून काढायला एक मिनिट लागतं. फक्त सांडपाणी सोडलेल्या खाडीतली बोय घेऊ नका, तिथे मासाच नव्हे तर पाणीच वाईट. आणि तिला पकडायला हजाराचं लूर लागत नाही. आठ-दहा नंबरचा बारीक गळ, कणकेची गोळी, हलका तरंगा, चढती भरती. बहुतेक हाच अपमान वाटत असावा.

पुण्यात तरी काय वेगळं आहे? गणेश पेठेत किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात गिऱ्हाईक उभं राहिलं की सुरमई, पापलेट, कोळंबी. पापलेटची संख्या घटत चालली, ते वाचावं म्हणून 2023 साली त्याला राज्य मासा जाहीर करावं लागलं, तरी बोटाएवढी पापलेटं ताटात हवीतच. शेजारच्या पाटीतली ताजी मुशी, ढोमा, शिंगाळा यांच्याकडे कुणी वळून बघत नाही.

खरोखर टाकून द्यावा असा एकच मासा गळाला वरचेवर येतो, तो म्हणजे फुगणारा केंड. त्याचं विष शिजवूनही जात नाही, जीव घेतं. त्याला खाऊ नका, कुत्र्यामांजरालाही घालू नका, पाण्यात सोडून द्या. बाकी कुठलाही मासा नको असेल तर (शिंगाळा वगळून, तो पक्कडीनेच) ओल्या फडक्यात धरा, गळ निघत नसेल तर दोरी तोंडाशी कापा आणि त्याच मिनिटाला पाण्यात सोडा. मेलाच असेल तर बंदरावर बसलेल्या कोळणीला विचारा, "मावशी, शिंगाळा हवाय का?" ती नाही म्हणणार नाही.